जखमेचे तोंड आणि जखमेची जात
जालना जिल्ह्यातील सद्योव्रणांचा एक विचार



'जालना सोन्याचा पाळणा' ही उक्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर या पाळण्याचे रूप बरेच पालटले. भंगार वितळवून सळई ओढणारे पोलादाचे कारखाने, १९६४ पासून येथे रुजलेला बियाण्यांचा उद्योग, कापसाचे जिनिंग, मोसंबीच्या बागा, सोयाबीन व तुरीची मळणी आणि आता जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, या सर्वांनी जिल्ह्याला रोजगार दिला. त्याबरोबरच आपल्या दवाखान्यांच्या दारात जखमांचे नवे प्रकारही आणून उभे केले. पूर्वीचा वैद्य विळ्याची, काट्याची, बैलाच्या शिंगाची जखम पाहत असे. आजच्या वैद्यास त्या जखमा तर पाहाव्या लागतातच, शिवाय रोलिंग मिलमधील चेंगरलेला पंजा, मळणी यंत्राने ओढलेला हात व महामार्गावर घासटून आलेला देहही पाहावा लागतो.

अशा रुग्णाजवळ सर्वप्रथम पोहोचणारा चिकित्सक पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. खेड्यातील दवाखाना त्याचा असतो, प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो असतो आणि २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांतही आपले सहकारी मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत. त्याच्याही आधी रुग्ण गाठतो तो औषधी दुकानदारास. म्हणून पहिल्या अर्ध्या तासातील निर्णय आपल्या हाती असतो. तो निर्णय कशावर घ्यावा, हा या लेखाचा विषय आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, जखमेचे तोंड पाहून तो घेऊ नये, जखमेची जात ओळखून घ्यावा.

शास्त्रातील वर्गीकरण

शारीर व आगंतु असे व्रणाचे दोन भेद आपणा सर्वांस परिचित आहेत. आगंतु व्रणांपैकी नुकत्याच घडलेल्या व्रणास सद्योव्रण म्हणतात. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हेच प्रकार आठ करून मांडले. अस्थीला धरून लोंबकळणाऱ्या अंगास प्रविलंबित व देहापासून तुटून पडलेल्या अंगास पातित अशी वेगळी नावे त्यांनी दिली.

परीक्षेसाठी आपण ही यादी पाठ केली, पण तिच्यामागील विचार बहुधा मागे पडला. शस्त्र कोणते होते यावर ही विभागणी केलेली नाही, देहाचे काय झाले यावर ती केलेली आहे. शिवाय सुश्रुतांनी या सहांचे पुन्हा दोन गट पाडले आहेत. छिन्न, भिन्न, विद्ध व क्षत या चारांत रक्तस्राव अधिक होतो, रक्तक्षयाने वात प्रकुपित होतो व तीव्र वेदना उत्पन्न होतात. पिच्चित व घृष्ट या दोहोंत रक्त फारसे बाहेर पडत नाही, म्हणून तेथे दाह व पाक अधिक होतो. पहिल्या गटास स्नेहप्रधान वातघ्न उपचार व दुसऱ्यास शीत आलेप-परिषेक सांगण्याचे कारण हेच होय. 'रक्त कमी गेले, म्हणजे जखम हलकी' ही लोकसमजूत आचार्यांनी येथेच खोडून काढली आहे.

छिन्न

तिरका वा सरळ, लांबट घाव म्हणजे छिन्न. ऊसतोडीचा कोयता, विळा, कुऱ्हाड व कडबा कुट्टीचे पाते ही आपल्याकडील नेहमीची कारणे. कुट्टीत गवत सारताना बोटे जातात, तेव्हा प्रविलंबित व पातित हे वाग्भटोक्त भेद डोळ्यांसमोर उभे राहतात.

सुश्रुतांनी रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. आज पहिल्या क्षणी करावयाचे काम सोपे आहे. स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून हाताने सलग दाब द्यावा व अंग उंच धरावे. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. सुतळी किंवा तार आवळून बांधू नये. रक्त कशानेच थांबत नसेल व जीव जाण्याची भीती असेल तर रुंद पट्टा आवळावा, पण आवळल्याची वेळ कागदावर व रुग्णाच्या अंगावर लिहावी.

तुटलेले बोट घरी राहून गेले, हे वाक्य ऐकण्याची वेळ येऊ नये. ते स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात व जोडण्याची शक्यता संपते.

भिन्न

टोकदार वस्तू कोष्ठात, म्हणजे आशयापर्यंत शिरली, तर तो भिन्न व्रण. कारणांत आचार्यांनी भाल्यासारख्या शस्त्रांबरोबर शिंगाचाही उल्लेख केला आहे, हे आपल्या भागातील वैद्याने विशेष लक्षात ठेवावे. बैलाने पोटात शिंग मारलेला शेतकरी चालत दवाखान्यात येतो, बेंबीशेजारी बोटाच्या पेराएवढे छिद्र दाखवितो व 'दोन टाके घाला' म्हणतो. बाहेर रक्ताचा ठिपकाही नसतो. सुश्रुतांनी नेमके हेच सांगितले आहे की, भिन्नात बाहेर स्राव थोडा दिसतो आणि रक्त आत साठते.

आत रक्त साठल्याची त्यांनी दिलेली लक्षणे आजही खाटेशेजारी उभे राहून पडताळता येतात. मूर्च्छा, श्वास, तृष्णा, पोट फुगणे, घाम, मल-मूत्र-वायू अडणे, हृदय व पार्श्वभागी शूल, तोंडास लोखंडासारखा वास, मूत्रमार्गाने, गुदाने किंवा तोंडाने रक्त. आमाशयात रक्त असेल तर रक्ताची उलटी व दारुण शूल, पक्वाशयात असेल तर जडपणा व नाभीखाली गारपणा. यांच्या जोडीला आपण नाडीची गती व रक्तदाब दर १० मिनिटांनी लिहावा. नाडी वाढत चालली व दाब उतरत चालला, तर अधिक लक्षणांची वाट पाहू नये.

अशा रुग्णास तोंडाने काहीही देऊ नये, औषधही नाही. शिरलेली वस्तू उपसू नये, कारण तीच पुष्कळदा रक्तवाहिनीचे तोंड दाबून असते. आंत्र बाहेर आले असल्यास ग्रंथात ते आत घेण्याचा विधी आहे. मात्र तो विधी शस्त्रक्रियागृहात करावयाचा, हे आजचे तारतम्य होय. आपण त्यावर सलाईनने भिजविलेले स्वच्छ कापड झाकावे व रुग्णास तत्काळ रवाना करावे.

विद्ध

बारीक टोकाचे शल्य कोष्ठाखेरीज अन्य अंगात शिरले, तर तो विद्ध. बाभळीचा काटा, खिळा, सुई, ग्राइंडरवरून उडून डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, ही उदाहरणे. प्रनष्टशल्याचा विचार सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात आला आहे. काट्याची जखम भरून येते, पण महिन्याने तेथेच पुन्हा सूज व पू येतो. अशा वेळी मलम बदलण्याऐवजी आत शल्य राहिले आहे काय, हे शोधावे. लाकूड क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करून घ्यावी.

कारखान्यांनी या प्रकारात एक नवी भर घातली आहे. उच्च दाबाच्या नळीतून किंवा ग्रीसच्या पिचकारीतून निघालेली तेलाची धार बोटात शिरते. कामगारास सुई टोचल्याएवढी वेदना होते, त्वचेवर केवळ ठिपका असतो. मात्र आत ते तेल कंडरांच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरते व काही तासांत बोट कठीण आणि निस्तेज होऊ लागते. 'काही नाही, उद्या या' असे येथे म्हणणे म्हणजे त्या कामगाराचे बोट गमावणे होय. त्याच दिवशी शस्त्रक्रिया हाच उपाय.

विद्ध व्रणाचा दुसरा धोका धनुर्वात. आघातामुळे उत्पन्न झालेला अपतानक साध्य होत नाही, असे सुश्रुतांनी निदानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. ज्या व्याधीपुढे आचार्यांनी हात टेकले, तो आज लसीने टाळता येतो. म्हणून लसीविषयी संकोच ठेवण्यास आयुर्वेदाच्या नावाने कोणताही आधार नाही. पूर्वीचे लसीकरण अनिश्चित असेल व जखम माती-शेणाने मळलेली असेल, तर लसीबरोबर प्रतिविष इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

क्षत

पूर्ण छिन्न नव्हे, पूर्ण भिन्नही नव्हे, दोहोंची लक्षणे असलेला वेडावाकडा व्रण म्हणजे क्षत. मळणी यंत्राच्या जखमा बहुधा याच जातीच्या. पदर, ओढणी किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात अडकते आणि त्यामागून हात वा केस ओढले जातात. कातडी एकीकडे, स्नायू दुसरीकडे व मध्ये भुसा, माती आणि वंगण. अशी जखम पाहताच शिवण्याचा मोह होतो. आचार्यांनी वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे सीवनाचे चार प्रकार सांगितले, पण त्याच अध्यायात ज्यात रक्त वा शल्य आत राहिले आहे असा व्रण शिवू नये, हेही बजावले आहे. भुशासकट शिवलेली जखम तिसऱ्या दिवशी पुवाने उसवते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे, सैल झाकणे व शल्यचिकित्सकाकडे पाठविणे, हे येथे शिवण्यापेक्षा मोठे कौशल्य समजावे.

पिच्चित

प्रहाराने किंवा दाबाने अस्थीसह चपटे झालेले, मज्जा व रक्ताने माखलेले अंग म्हणजे पिच्चित. सळईच्या गठ्ठ्याखाली आलेले पाऊल, रोलरमध्ये गेलेली बोटे, उलटलेल्या ट्रॅक्टरखालील मांडी. औद्योगिक जालन्याचा हा प्रातिनिधिक व्रण म्हणावा लागेल, आणि सर्वांत फसवा व्रणही हाच. कित्येकदा त्वचा अखंड असते, पण आत स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत जातो.

ओळखण्याची खूण अशी : दिसणाऱ्या इजेच्या मानाने वेदना फार, आणि बोटे हळूच ताणली असता ती असह्य होते. मग मुंग्या, बधिरपणा. फिकेपणा व नाडी न लागणे ही उशिराची लक्षणे असून तेथवर थांबल्यास स्नायू गेलेलाच असतो. अंगठी, बांगडी, कडे ताबडतोब काढावे. मर्दन करू नये. कोणी बराच वेळ ओझ्याखाली दबलेला असेल तर सुटकेनंतर स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून वृक्कांवर आघात करतात. अशा रुग्णाची लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ती प्राणसंकटाची सूचना होय.

घृष्ट

घासून वरची त्वचा गेलेला, दाह व लसिका असलेला व्रण म्हणजे घृष्ट. दुचाकीवरून पडलेल्या रुग्णात तो नित्याचा आहे. आपल्या चिकित्सेस येथे खरा वाव असतो. स्वच्छ पाण्याने धुऊन खडीचे कण काढावेत, नाहीतर त्वचेत कायमचे काळे डाग राहतात. त्रिफळा किंवा पंचवल्कल क्वाथाने प्रक्षालन, नंतर यष्टीमधु घृत किंवा जात्यादि घृत व सैल पट्टी. जात्यादि कल्पात तुत्थ असते, याचा विसर पडू नये. खोल पोकळीत वा फार विस्तृत क्षेत्रावर ते भरू नये. घृष्टाखाली पिच्चित किंवा भग्न लपलेले नाही, याची खात्री मात्र आधी करावी.

भग्न व बंधन

भग्नाचे कांडभग्न व संधिमुक्त असे दोन भेद, पहिल्याचे १२ व दुसऱ्याचे ६ उपभेद निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात आहेत. आपल्या जिल्ह्यात हाडवैद्यांची परंपरा आहे व तिच्याविषयी लोकांस आदर आहे. त्या परंपरेलाही आणि आपणालाही सुश्रुतांचा एक इशारा समान लागू आहे. बंध सैल झाला तर संधी स्थिर होत नाही, फार गाढ झाला तर शोथ, वेदना व पाक होतो. त्यांनी शीत ऋतूत ७, साधारण ऋतूत ५ व उष्ण ऋतूत ३ दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधण्यास सांगितले आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तीन दिवसांचा नियम किती शहाणपणाचा आहे, हे सांगावयास नको.

बांबूच्या कामट्या घट्ट आवळून दोन आठवडे तशाच ठेवल्याने काळे पडलेले लहान मुलाचे बोट ज्याने एकदा पाहिले, तो वैद्य बंधनानंतर नखाचा रंग पाहिल्याशिवाय रुग्णास घरी पाठविणार नाही. नख दाबून सोडावे, दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटे हलली पाहिजेत, स्पर्श कळला पाहिजे. 'वेदना वाढली तर रात्री-अपरात्रीही पट्टी सोडा व या', हे वाक्य प्रत्येक नातेवाइकास सांगावे. क्ष-किरण चित्र, अस्थी बसविणे व स्थिर बंधन झाल्यावर लाक्षा गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अस्थिशृंखला यांचा विचार पूरक म्हणून करावा. संधानाचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

दग्ध

ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वितळलेले लोखंड कामगारांच्या अंगावर उडाले व २० हून अधिक कामगार जखमी झाले. आगंतु विकारांचा विचार दग्धावाचून जालन्यात पुरा होऊ शकत नाही, हे त्या दिवसाने दाखविले.

प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध हे चार भेद सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायात आहेत. तेथे प्लुष्टास उष्ण उपचार सांगितले आहेत. आजचे ज्ञान मात्र नुकत्याच भाजलेल्या अंगावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडण्यास सांगते. ग्रंथाचे वचन व प्रत्यक्षाचा पुरावा यांत अंतर पडले, तर रुग्णहिताच्या बाजूस उभे राहणे यात ग्रंथाचा अनादर नाही. प्रत्यक्ष पाहून शिकण्याचा आग्रह सुश्रुतांनीच धरला होता. बर्फ, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये. शतधौत घृत लहान, वरवरच्या दग्धासाठीच, आणि तेही अंग गार झाल्यावर. चेहरा, हात, गुह्यभाग व सांध्यांवरील दग्ध, विस्तृत दग्ध आणि धुरात कोंडलेला रुग्ण हे सर्व रुग्णालयाचे होत. विजेच्या धक्क्यातही त्वचेवर दोन लहान डाग असतात व आतील स्नायू जळालेला असतो, हृदयाची गतीही बिघडू शकते. येथेही तोंड लहान आणि जात मोठी.

औषधी दुकानदारांस विनंती

आपल्या फळीपाशी उभा असलेला माणूस 'जखमेवर काहीतरी द्या' म्हणतो. आपण चार प्रश्न विचारावेत : कशाने लागले, केव्हा लागले, बोटे हलतात का, धनुर्वाताची लस कधी घेतली. उत्तर शिंग, यंत्र, गंजका खिळा, तेलाची धार किंवा वीज असे आले, तर मलम विकू नये, रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. हळद, चुना, तंबाखू, चहाची भुकटी जखमेत भरून आलेल्यास ती धुण्यास सांगावे. उघड्या बरणीत बोट घालून तेल-घृत देण्याची पद्धत सोडून लहान, मोहोरबंद नळ्या वा कुप्या ठेवाव्यात, अंतिम मुदत पाहून द्याव्यात.

नोंद हाही उपचारच

दवाखान्यात 'हाताला जखम, पट्टी केली' एवढेच लिहिले जाते. पुढे तोच कामगार नुकसानभरपाई मागतो तेव्हा कोणता हात, कोणते बोट, कितवे पेर, हाड होते की नव्हते, हे कोणासही सांगता येत नाही. उजव्या तर्जनीचे एक पेर हे त्या घराच्या चुलीशी जोडलेले असते. मापाची पट्टी ठेवून लांबी-रुंदी लिहावी, जखमेच्या कडा कशा आहेत ते लिहावे, वेळ लिहावी, आकृती काढावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. डोळा वा कान कायमचा निकामी होणे, अवयव किंवा सांधा जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, अस्थी वा दात मोडणे हे त्यांपैकी. पूर्वीच्या कायद्यात तीव्र वेदना वा नित्य व्यवहारास असमर्थता २० दिवस लागत असे, आता ती मुदत १५ दिवस आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या आपल्या वैद्यकीय अधिकारी मित्रांनी जुनी सवय बदलावी. सुश्रुतांनी १०७ मर्मांचे पाच वर्ग केले, त्यांत वैकल्यकर मर्मे सर्वाधिक, ४४ आहेत. मृत्यू न आणता माणसास कायमचे उणे करणारी इजा वेगळी ओळखावी, ही दृष्टी आपल्या शास्त्रात फार जुनी आहे.

पोलीस प्रकरणाच्या भीतीने रुग्ण नाकारणे हेही आता थांबले पाहिजे. जखमीस तत्काळ उपचार देणे हे शासकीय व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे.

समारोप

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी सुमारे ६० किलोमीटरवर आहे. पाठविण्यास जागा आहे. उणीव असते ती कोणास व किती लवकर पाठवावे, हे ओळखण्याची. ती उणीव भरून काढण्यास महागडे यंत्र लागत नाही. रुग्ण समोर येताच मनाशी सहा नावे उच्चारावीत आणि त्यांपैकी एक नाव, वेळेसह, कागदावर लिहावे. भिन्न असे लिहिलेला हात टाक्याच्या सुईकडे जाणार नाही, पिच्चित असे लिहिलेला हात पट्टी आवळणार नाही. पाठांतरातील तो अध्याय अशा रीतीने दवाखान्यात आला, तर या जिल्ह्यातील काही बोटे, काही पाय आणि काही प्राण खचित वाचतील.